हद्दीपलीकडचा वास

सह्यांचा कागद माझ्यापुढे आला तेव्हा मी जिन्यात होतो. एका हातात किल्ल्या, दुसऱ्या हातात इस्त्रीचे कपडे. पॅडला सुतळीनं बांधलेलं पेन उमटत नव्हतं, म्हणून आधी समासात दोन-तीन रेघोट्या मारल्या आणि मग सही केली. अर्ज वाचला, असं छातीठोकपणे म्हणवत नाही. ‘नियोजित कचरा हस्तांतरण केंद्रास आम्हा रहिवाशांचा तीव्र विरोध आहे’ एवढी ओळ डोळ्यांखालून गेली आणि तेवढी पुरली. माझी सही एकशे बारावी होती.

हस्तांतरण केंद्र म्हणजे नेमकं काय, हे मला तेव्हा धड ठाऊकही नव्हतं. लहान गाड्या गल्लोगल्ली फिरून कचरा आणतात, तो एका शेडमध्ये ओततात, तिथे तो दाबून मोठ्या ट्रकमध्ये भरला जातो आणि लांबच्या डेपोवर रवाना होतो. एवढंच. पण या ‘एवढंच’मध्ये वास असतो, माश्या असतात, पहाटे चारला रिव्हर्स घेणाऱ्या गाडीची पीं-पीं असते आणि कचरा दाबताना निथळणारं काळं पाणी असतं. ते आमच्या खिडकीखाली नको होतं. कुणाला हवं असेल?

सातेक महिन्यांनी केंद्र रद्द झाल्याची बातमी आली. ग्रुपवर टाळ्यांचे, अंगठ्यांचे ढीग पडले. ‘एकजुटीचा विजय’ असं कुणीतरी लिहिलं, त्यावर मीही एक अंगठा ठेवला. केंद्र रद्द झालं नव्हतं, हललं होतं, हे कळायला आणखी दोन वर्षं गेली. आमच्या शहराची हद्द संपते तिथून पुढे, सहा किलोमीटरवर, एका छोट्या नगरपालिकेच्या गळ्यात ते पडलं होतं. त्या गावातल्या लोकांनीही सह्या केल्या असतीलच. पण त्या ज्या टेबलावर पोचायला हव्या होत्या, ते टेबल त्यांच्या गावात नव्हतं, आणि आमच्यासारखा त्या टेबलापर्यंत हात पोचणारा नगरसेवकही त्यांच्याकडे नव्हता.

तेव्हापासून, शहराचा कारभार शहरानं करावा की अख्ख्या परिसरासाठी वर एक मोठी यंत्रणा असावी, हा वाद कानावर आला की मला ती सुतळी आठवते.

मी मुळात लहानाच्या बाजूचा माणूस. गटार तुंबलं तर ज्याच्या दारात जाऊन उभं राहता येतं, तो आपला. ज्याचं ऑफिस शोधायला नकाशा लागतो, तो परका. कोणत्या चौकात पाणी साचतं आणि कोणत्या रस्त्यावर शाळा सुटायच्या वेळी गाडी घालू नये, हे दूर बसलेल्या नियोजनकाराला कुठून कळणार? या समजाला शास्त्राचा आधारही सापडतो. अमेरिकेतल्या चार्ल्स टीबू या अर्थशास्त्रज्ञानं १९५६ मध्ये मांडलं होतं, की लहान लहान नगरपालिका पुष्कळ असल्या की माणूस आपल्याला हवे तसे कर आणि हव्या तशा सोयी जिथे मिळतील तिथे राहायला जातो. म्हणजे मत पेटीत नाही, पायानं. मांडणी देखणी आहे. फक्त तिच्यात माणसाला कुठेही घर घेता येतं आणि एका गावचा धूर दुसऱ्या गावात जात नाही. हे सगळं धरून चालल्याचं टीबूनं स्वतःच लिहून ठेवलं होतं, वाचणारेच विसरले.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं काम मला त्याहून पटलं. २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामायिक कुरणं, जंगलं, पाणी यांच्या अभ्यासासाठी. पण त्याआधी, १९७० च्या सुमारास, त्यांनी अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरातले पोलीस पाहिले होते. तेव्हाचं सगळं सरकारी शहाणपण सांगत होतं की छोटी छोटी पोलीस खाती म्हणजे उधळपट्टी, सगळ्यांचं मिळून एक करा. ऑस्ट्रॉमबाई आणि त्यांचे विद्यार्थी सारख्याच वस्त्या निवडून लोकांना विचारत गेले: बोलावल्यावर पोलीस किती वेळात येतात, आल्यावर काय करतात, तुमचा त्यांच्यावर विश्वास आहे का. गस्तीच्या कामात लहान खाती मोठ्या खात्याच्या तोडीस तोड निघाली, बऱ्याचदा सरसच. मात्र गुन्ह्याच्या प्रयोगशाळेसारखी कामं प्रत्येक गावानं वेगळी करण्यात काही अर्थ नव्हता, ती मोठ्या पातळीवरच परवडत होती. मला यात सगळ्यात आवडतं ते हे, की त्यांनी खात्याचा आकार विचारलाच नाही. एकेक काम सुटं करून, ते कुठे बरं होतं एवढंच पाहिलं.

हे वाचून मी बराच काळ समाधानी होतो. मग टोकियोतल्या कचऱ्याची गोष्ट हाती लागली.

टोकियो शहर असं प्रशासनाच्या कागदावर १९४३ पासून नाहीच. युद्धाच्या धामधुमीत शहर आणि प्रांत एकत्र करून एकच महानगर सरकार केलं गेलं आणि आत वॉर्ड उरले, पुढे २३ झालेले. त्यातला कोतो वॉर्ड खाडीकाठी, सखल. सगळ्या टोकियोचा कचरा समुद्रात भर घालायला तिकडे जायचा. या भरावाच्या एका बेटाचं नाव युमेनोशिमा, म्हणजे स्वप्नांचं बेट. १९६५ च्या उन्हाळ्यात त्या स्वप्नबेटावरून माश्यांचे थवे वस्तीत घुसले, इतके की कचऱ्यावर तेल ओतून तो पेटवून द्यावा लागला. रस्त्यांवरून रोज कचऱ्याच्या हजारो गाड्या जात, पाणी सांडत. ही व्यवस्था नियमाप्रमाणे होती, कुणी कायदा मोडत नव्हतं.

दुसऱ्या टोकाला सुगिनामी वॉर्ड, बऱ्या घरांचा, निवांत. तिथे ताकाइदो भागात कचरा जाळायची भट्टी उभारायचं ठरलं, तर रहिवासी आणि जमीनमालक उभे राहिले. आमच्यासारखेच असणार ते. त्यांच्याकडेही पॅड असेल, पेन असेल. १९७१ मध्ये टोकियोचे गव्हर्नर मिनोबे यांनी विधिमंडळात ‘कचरायुद्ध’ हा शब्द वापरला आणि तत्त्व मांडलं, की प्रत्येक वॉर्डानं आपला कचरा आपल्याच हद्दीत निस्तरावा. सुगिनामीनं तरीही दाद दिली नाही. तेव्हा १९७२ च्या डिसेंबरात आणि पुन्हा १९७३ च्या मे महिन्यात कोतोच्या मंडळींनी रस्त्यात उभं राहून गाड्या अडवल्या. सगळ्या नाही. फक्त सुगिनामीहून आलेल्या.

ही ‘फक्त’ मला फार मोठी वाटते. कोतोनं महानगर सरकारवर मोर्चा नेऊन ‘आमच्याकडे कचरा नको’ असं म्हटलं असतं, तर तो आणखी एक नकार झाला असता, माझ्या सहीसारखा. त्यांनी एका वॉर्डाचा नकार उचलून त्याच वॉर्डाच्या दारात ठेवला. मग सुगिनामीत कचरा साठायला लागला आणि तिथल्या रहिवाशांना पहिल्यांदा कळलं, की आपण पिशवी दाराबाहेर ठेवतो त्यानंतरही तिचं काही होत असतं. १९७४ मध्ये कोर्टाच्या मध्यस्थीनं तडजोड झाली, १९८२ मध्ये भट्टी उभी राहिली. तिच्या उष्णतेवर शेजारचा पोहण्याचा तलाव गरम होतो. तलाव काही मागून आलेलं औदार्य नव्हे, वाटाघाटीत मिळवलेला आहे, असं मला वाटतं. पण मी सौदेबाजीच्या बाजूनं जरा जास्तच झुकलेला असतो.

आज तिथे एका पिशवीचा प्रवास तीन दरबारांतून होतो. गोळा करायचं काम २००० पासून वॉर्डाचं. जाळायचं काम तेवीस वॉर्डांनी मिळून केलेल्या संघाचं. उरलेली राख पुरायचं काम महानगर सरकारचं. ज्या वॉर्डांत भट्टी नाही, ते भट्टीवाल्यांच्या बोज्याबद्दल पैसे मोजतात. कुणी म्हणेल, एका पिशवीसाठी तीन ऑफिसं? मी म्हणतो, असू देत. गल्ली ज्याला पाठ आहे त्यानं गोळा करावं, भट्टी परवडेल एवढा गठ्ठा ज्याच्याकडे जमतो त्यानं जाळावं, आणि समुद्राचा किनारा काही कुठल्या वॉर्डाच्या बापाचा नाही.

वास सरकवत नेण्याची कला मात्र लंडनइतकी कुणी चोख केली नसेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथला कारभार सुमारे ३०० वेगवेगळ्या मंडळांत वाटलेला होता. चर्चभोवतीच्या परगण्यांची मंडळं, फरसबंदीची मंडळं, दिवाबत्तीची मंडळं. एकाच रस्त्याच्या दोन बाजू दोघांकडे. टेम्स मात्र एकच होती आणि सगळ्यांची घाण तिच्यात. १८५५ मध्ये सगळ्या महानगरासाठी एक मंडळ स्थापन झालं, पण त्याला पैसा आणि मोकळीक देताना सरकारचा हात आखडता होता. गटारांची तोंडं नदीत कुठे सोडायची यावरच कागद फिरत राहिले. १८५८ च्या उन्हाळ्यात नदी अशी नासली की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगावे लागले. मग १८ दिवसांत कायदा झाला. खासदारांच्या नाकाला हद्द कळत नाही, हे बरंच झालं म्हणायचं.

जोसेफ बॅझलगेट या इंजिनिअरनं १३० किलोमीटरहून लांब विटांची मोठी गटारं बांधली. जुन्या सगळ्या गटारांना आडवी जाऊन ती घाण पकडून पूर्वेला नेणारी. एवढं काम ३०० मंडळांकडून सात जन्मांत झालं नसतं. ही गटारं आजही वापरात आहेत, आणि एकत्रित कारभाराचा पुरस्कार करणारा प्रत्येक माणूस त्यांचा दाखला देतो. मीही दिला असता. पण ती घाण पूर्वेला जाऊन थांबत होती बेक्टन आणि क्रॉसनेस इथे, शहराच्या बाहेर, ओहोटी लागली की नदीत. १८७८ च्या सप्टेंबरात ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही सहलीची आगबोट नेमकी तिथेच दुसऱ्या जहाजावर आदळून बुडाली. थोड्याच वेळापूर्वी त्या पट्ट्यात मैला सोडलेला होता. सहाशेहून अधिक माणसं दगावली, आणि वाचलेल्यांनी त्या पाण्याच्या चवीबद्दल आणि वासाबद्दल साक्षी दिल्या. त्यानंतर चौकशी बसली आणि गाळ वेगळा काढून बोटींनी बाहेर समुद्रात नेऊन टाकायला सुरुवात झाली. ते थेट १९९८ पर्यंत चाललं. शहराच्या मध्यातून काठावर, काठावरून समुद्रात. दरवेळी हद्द थोडी मोठी आणि वास थोडा पुढे.

म्हणजे वरची यंत्रणा आली की प्रश्न सुटतो, हेही खरं नाही. तिच्या नकाशाबाहेर जो कुणी असेल, त्याच्याकडे तो जातो. आमचा सहा किलोमीटर गेला. लंडनचा त्याहून बराच लांब गेला.

याच लंडनमध्ये शंभर वर्षांनी याच्या उलटं नाट्य घडलं. १९८१ मध्ये बृहन्लंडन परिषदेनं, म्हणजे तिथल्या महानगराच्या सरकारनं, बस आणि भुयारी रेल्वेचं भाडं सुमारे एक तृतीयांशानं कमी केलं आणि तूट भरायला सगळ्या पोट-पालिकांवर जादा कर बसवला. ब्रॉम्ली नावाची दक्षिणेकडची पालिका कोर्टात गेली. तिचं म्हणणं एका ओळीचं होतं: आमच्याकडे भुयारी रेल्वेचं एकही स्टेशन नाही, आम्ही का भरायचं? निकाल तिच्या बाजूनं लागला आणि मार्च १९८२ मध्ये भाडं जवळपास दुप्पट झालं.

ब्रॉम्लीचा मला राग येत असे. तुमची माणसं कामाला मध्य लंडनमध्येच जातात ना, तिथले रस्ते गर्दीनं तुंबले तर तुम्हालाच भोवतं ना, असे मुद्दे मी मनातल्या मनात काढायचो. एके दिवशी लक्षात आलं, की एकशे बाराव्या सहीवाल्यानं ब्रॉम्लीला नावं ठेवणं शोभत नाही. तिची तक्रार निदान उघड होती, कोर्टात मांडलेली. मी तर अर्ज वाचलाही नव्हता.

चार वर्षांनी, १ एप्रिल १९८६ रोजी, ती बृहन्लंडन परिषदच बरखास्त झाली. नदीपलीकडच्या आपल्या इमारतीवर ती लंडनमधल्या बेकारांचा आकडा मोठ्या अक्षरांत लावायची, पार्लमेंटमधून थेट दिसेल असा. वरच्या सरकारला तो किती दिवस सहन होणार? पुढच्याच वर्षी स्पेनमधल्या बार्सिलोनाचं महानगर मंडळ तिथल्या कॅटलन प्रांताच्या सरकारनं मोडलं. तिथेही शहरात एका पक्षाचा महापौर, प्रांतात दुसऱ्या पक्षाचा अध्यक्ष. लंडनला महानगराचं सरकार परत मिळायला २००० साल उजाडलं, त्याआधी १९९८ मध्ये कौल घेतला तेव्हा ७२ टक्के लोकांनी होकार दिला. बार्सिलोनाला २०१० पर्यंत थांबावं लागलं. महानगराची यंत्रणा अशा जागी उभी असते की खालच्या पालिकांना ती डोक्यावर बसलेली वाटते आणि वरच्या सरकारला डोक्याएवढी होत चाललेली. पाइप सांभाळत गप्प बसली तर जगते. बोलायला लागली की कापली जाते. आणि बोलली नाही, तर लोकांना तिचं नावही माहीत नसतं. मला आमच्यावरच्या यंत्रणेचं नाव अर्जावर पाहिल्यावर कळलं, तेही ‘प्रति’ या शब्दापुढे.

ओसाकाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सांगताना मला हसू आवरत नाही. तिथे शहर आणि प्रांत यांची हद्द आणि कामं एकमेकांवर चढलेली. नव्वदच्या दशकात शहरानं उंच इमारत बांधली, २५६ मीटरची. मग प्रांतानं बांधली, २५६.१ मीटरची. दहा सेंटिमीटर! दोन्ही इमारतींनी पुढे आर्थिक डबघाई पाहिली. या दुहेरी कारभाराला वैतागून ओसाका शहरच मोडून त्याचे वॉर्ड करावेत, असा प्रस्ताव आला. २०१५ मध्ये जनमत घेतलं, सुमारे दहा हजार मतांनी फेटाळलं. २०२० मध्ये पुन्हा घेतलं, सुमारे सतरा हजार मतांनी फेटाळलं. दहा सेंटिमीटरचा मूर्खपणा लोकांना दिसत होता, तरीही आपल्या शहराचं नाव त्यांना पुसायचं नव्हतं. मला हे अडाणीपणाचं वाटत नाही. आपल्या जगण्याचा पत्ता दुसऱ्या कुणी हिशेबात बसेना म्हणून खोडला, तर हिशेब बरोबर असूनही माणूस दुखावतो.

कॅनडातल्या टोरांटोत लोकांना हे विचारलं होतं आणि ऐकलं नव्हतं. १९९७ मध्ये तिथल्या पालिकांनी मतं घेतली, तीन चतुर्थांश लोक विलीनीकरणाच्या विरोधात निघाले, आणि १ जानेवारी १९९८ ला प्रांतानं सहा पालिकांचं एक शहर केलं. २०१८ मध्ये तर निवडणूक चालू असताना प्रांतानं त्या शहराचे ४७ वॉर्ड २५ वर आणले. सुप्रीम कोर्टात शहर ५ विरुद्ध ४ मतांनी हरलं. माँट्रियलमध्ये २००२ ला बेटावरच्या सगळ्या पालिका एक केल्या, २००४ ला लोकांना बाहेर पडायची मुभा दिली, आणि २००६ च्या जानेवारीत १५ जणी पुन्हा सुट्या झाल्या. पोलीस, पाणी, अग्निशमन मात्र सामायिकच राहिलं आणि त्यासाठी जी समिती आहे तिच्यात मोठ्या शहराचंच बहुमत. सुटलेल्या पालिका तेव्हापासून म्हणतायत, की बिल आम्हाला येतं आणि हात वर करून उपयोग नसतो. घटस्फोट झाला, गॅसची टाकी एकच.

वरून एखाद्याला पूर्ण मुखत्यारी दिली तर काय होतं, त्याला मिशिगनमधलं फ्लिंट पुरेसं आहे. शहराची तिजोरी रिकामी म्हणून राज्यानं नेमलेला आणीबाणी व्यवस्थापक बसला. २०१४ मध्ये पाणी नदीतून घ्यायला सुरुवात झाली, त्यावर हवी ती प्रक्रिया झाली नाही, नळांतून शिसं आलं. मार्च २०१५ मध्ये नगरपरिषदेनं जुन्या पाण्याकडे परत जायचा ठराव केला, ७ विरुद्ध १. व्यवस्थापकानं तो धुडकावला. ज्यांच्या घरात ते पाणी येत होतं, त्यांचं मत त्या वेळी सल्ल्याच्या मोलाचं होतं.

मग मला बरं काय वाटतं? दोन-तीन गोष्टी वाटतात, आणि त्या एकाच गावच्या नाहीत.

मिनेसोटातली जुळी शहरं, मिनियापोलिस आणि सेंट पॉल. साठच्या दशकात तिथल्या उपनगरांत घराघरांत सेप्टिक टाक्या होत्या आणि घराघरांत विहिरी. पुढचं सांगायला नको. १९६७ मध्ये सगळ्या परिसरासाठी एक परिषद आली. तिचे सदस्य गव्हर्नर नेमतो, हे मला खटकतं. पण १९७१ च्या कायद्यानं तिथे एक वेगळीच गोष्ट केली: त्या सालानंतर प्रत्येक पालिकेच्या हद्दीत व्यापार-उद्योगाचा जो करपाया, म्हणजे कर बसणारी मालमत्ता, वाढेल, त्यातला ४० टक्के सामायिक गल्ल्यात जातो आणि गरीब पालिकांकडे जास्त वळतो. शेजारच्या गावात मॉल झाला तर तुमच्याकडे नुसत्याच त्याच्या गाड्या येत नाहीत, थोडे पैसेही येतात. गावांची नावं तीच, महापौर तेच, हद्दी त्याच. फक्त हद्दीवरच्या भिंतीला खालून एक भोक.

आणि ओरेगनमधलं पोर्टलंड. तिथलं ‘मेट्रो’ नावाचं महानगर सरकार तीन कौंट्या आणि २४ शहरांवर आहे, आणि १९७८ मध्ये मतदारांनी मान्य केल्यापासून त्याची परिषद लोक थेट निवडतात. शहर कुठपर्यंत पसरू द्यायचं ती वाढीची रेषा ते आखतं, कचऱ्याचं बघतं, आणि का कोण जाणे प्राणिसंग्रहालयही चालवतं. मला ते प्राणिसंग्रहालय महत्त्वाचं वाटतं. गटारं आणि नकाशे सांभाळणाऱ्या सरकारकडे एखादा हत्ती असला, की पोरांना तरी त्याचं नाव कळतं. निवडून दिलेल्या माणसाचं नाव ठाऊक असलं, तर त्याला पाडताही येतं.

आपल्याकडे हे सगळं कागदावर आहे, आणि बऱ्यापैकी सुबक आहे. १९९२ ची ७४वी घटनादुरुस्ती म्हणते, की १० लाख किंवा त्याहून अधिक लोकवस्तीच्या महानगर क्षेत्रासाठी नियोजन समिती असावी, आणि तिचे निदान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातूनच निवडावेत. म्हणजे छोट्या गावचा सरपंच आणि मोठ्या शहराचा नगरसेवक एका टेबलाशी. प्रत्यक्षात महानगरांच्या नियोजनाचं बरंचसं काम राज्य सरकारांनी नेमलेल्या प्राधिकरणांकडेच राहिलं. ते टेबल आमच्या वेळी असतं, तर माझी सही आणि त्या छोट्या गावातल्या सह्या एकाच दिवशी एकाच ठिकाणी पोचल्या असत्या. आम्ही तरीही जिंकलो असतो कदाचित. पण त्यांच्या तोंडाकडे बघून जिंकावं लागलं असतं.

गेल्या महिन्यात मी ते केंद्र बघायला गेलो. का, ते नीट सांगता येणार नाही. रस्त्यावर आमची हद्द संपल्याची पाटी लागते आणि डांबराचा रंग बदलतो, काळ्याचा करडा होतो. पुढे एक पत्र्याची लांब शेड, तिच्यासमोर ओल्या चाकांचे ठसे, आणि शेडला लागूनच घरं. आमच्याकडे केंद्रासाठी ठरलेली मोकळी जागा आमच्या इमारतीपासून जेवढी लांब होती, त्याच्या निम्म्यानंही नाही. मी पलीकडच्या बाजूला कठड्यावर बसलो आणि गाड्या मोजायला लागलो. प्रत्येक गाडीच्या दारावर पालिकेचं नाव रंगवलेलं असतं. तासाभरात २३ आल्या. त्यातल्या १९ आमच्या.

कोपऱ्यावरच्या घरातून एक बाई बादली घेऊन बाहेर आल्या. उंबऱ्यासमोर ओघळत आलेल्या काळ्या पाण्यावर त्यांनी बादली रिकामी केली, खराट्यानं ते रस्त्याकडे लोटलं आणि मग माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं.

“कसली मोजणी करताय हो? महापालिकेचे का?”

“नाही,” मी म्हणालो.

“मग?”

तेवढ्यात आणखी एक आली, आमची विसावी. ती आत वळेपर्यंत आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो. पाणी पुन्हा उंबऱ्यापर्यंत आलं आणि त्या दुसरी बादली भरायला आत गेल्या.